किहीममध्ये कॉफीचा धंदा करायचाय? आधी ‘सिंगल इस्टेट’ म्हणजे काय ते समजून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत सिंगल इस्टेट कॉफीबद्दल बोललो, पण प्रक्रिया आणि हिशोब दोन्ही मांडायला तिथे वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणाला गाव घेऊया किहीम.

समजा, तुमची किहीमला घरची वाडी आहे. नारळ-सुपारी आहे, मागच्या दोन खोल्या होमस्टेला दिल्यात. शनिवारी मांडव्याला रो-रोमधून गाड्या उतरतात आणि पाहुणे तुमच्या अंगणात येतात. सकाळी पाहुणा विचारतो, “कॉफी कुठली आहे?” तुम्ही इन्स्टंटची बाटली दाखवता. तो हसून आपल्या बॅगेतून पाकीट काढतो आणि फक्त गरम पाणी मागतो. त्या पाकिटावर मळ्याचं नाव असतं, जिल्हा असतो, झाडाचं वाण असतं, भाजल्याची तारीख असते. आणि पाव किलोची किंमत बघून तुम्ही म्हणता, एवढे पैसे? कशाचे?

मग डोक्यात दोन विचार येतात. एक, आपणच वाडीत कॉफी लावली तर? दोन, अशी कॉफी विकणारा छोटा काउंटर टाकला तर?

पहिला विचार इथेच सोडा. अरेबिका कॉफीला साधारण १,००० ते १,५०० मीटर उंची आणि १५ ते २५ अंश तापमान मानवतं. रोबस्टा थोडी काटक, तिला ५०० ते १,००० मीटर चालतात. किहीम समुद्राला लागून आहे. झाड कदाचित जगेलही, चार फळंही धरेल, पण ज्या चवीला हे पैसे मिळतात ती चव थंड डोंगरात फळ सावकाश पिकण्यातून येते. कोणी ‘कोकणात कॉफी लागवड, हमखास उत्पन्न’ म्हणून रोपं विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण म्हणजे चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटरवर. इंग्रजांच्या काळात तिथे कॉफी आली आणि टिकली. कर्नाटकापुढे प्रमाण अगदी किरकोळ आहे. पण विदर्भातल्या माझ्या वाचकांनो, किरकोळ असणं ही इथे अडचण नाही, भांडवल आहे. ते कसं, हे कळायला कॉफीचा थोडा इतिहास बघावा लागेल.

भारतात कॉफी आणल्याचं श्रेय बाबा बुदन यांना देतात. १६७० च्या सुमारास त्यांनी येमेनहून सात बिया आणून आजच्या चिकमगळुरूजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे इंग्रजांनी मोठे मळे केले. पण ‘अमुक मळ्याची कॉफी’ असं नाव आपल्याकडे ग्राहकापर्यंत फार उशिरा पोहोचलं. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागायची. त्याला पूल म्हणायचे. तुमचा माल प्रतवारीप्रमाणे इतरांच्या मालात मिसळायचा, बोर्ड तो विकायचं आणि पैसे हप्त्या-हप्त्याने यायचे. भाव पडले तेव्हा या व्यवस्थेने आधार दिला, हे खरं. पण जीव ओतून काम करणाऱ्याचं नाव त्या ढिगात हरवायचं. १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळाली, १९९६ पर्यंत पूल संपला आणि मळेवाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गिऱ्हाइकाला विकू लागला. आज जी सिंगल इस्टेट पाकिटं दिसतात, त्यांचं मूळ या बदलात आहे.

म्हणजे व्याख्या सोपी आहे: एकाच मळ्याचा माल, दुसऱ्या कुठल्याही मालात न मिसळलेला. ‘स्पेशालिटी’ ही वेगळी गोष्ट, ती दर्जाची आहे. जाणकार चव घेऊन १०० पैकी गुण देतात, त्याला कपिंग म्हणतात. रूढ पद्धतीत ८० आणि वर गुण मिळाले तर स्पेशालिटी. शिवाय ३५० ग्रॅम कच्च्या बियांच्या नमुन्यात मोठा दोष एकही चालत नाही. सिंगल इस्टेट आहे म्हणून कॉफी आपोआप चांगली असते, असं मात्र समजू नका. एकाच मळ्याची भिकार कॉफीही असते!

आता कष्ट कुठे आहेत ते बघा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला एक पाऊस पडला की कॉफीची झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात. अरेबिकाचं फळ पिकायला तिथून आठ-नऊ महिने लागतात. ते सगळं एकदम पिकत नाही. एकाच फांदीवर हिरवं, पिवळट आणि लाल फळ शेजारी-शेजारी असतं. साधा माल असेल तर मजूर फांदी ओरबाडून मोकळा होतो. स्पेशालिटीत फक्त लाल फळ तोडायचं, काही दिवसांनी त्याच झाडाकडे परत यायचं, मग पुन्हा यायचं. मजुरी इथेच वाढते.

तोडलेली फळं पाण्यात टाकतात. पोकळ, किडकी तरंगतात, ती बाजूला. मग यंत्राने साल काढायची. आत बीवर चिकट गर असतो, तो सुटावा म्हणून टाकीत काही तास आंबवायचं. हवा थंड असेल तर जास्त वेळ, गरम असेल तर कमी. इथे चार तास दुर्लक्ष झालं की व्हिनेगरसारखा वास बसतो आणि वर्षाची मेहनत साध्या भावात जाते. धुतल्यावर ओट्यावर किंवा जाळीच्या मांडवावर वाळवायचं, सारखं हलवायचं, ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणायचा. काही लॉट सालीसकट वाळवतात, त्याला नॅचरल म्हणतात. त्याला दिवस आणि धोका दोन्ही जास्त, पण चवीला फळाचा गोडवा येतो. शेवटी टरफल काढून, आकाराप्रमाणे चाळून, डाग असलेले दाणे वेचून पोतं भरतं. प्रत्येक पोत्यावर लिहायचं: कुठला तुकडा, कुठलं वाण, कधीची तोडणी.

हे ‘लिहायचं’ किती मोलाचं आहे, त्याचा जगातला गाजलेला दाखला पनामाचा. तिथल्या बोकेते भागात हासिएन्दा ला एस्मेराल्दा नावाचा पीटरसन कुटुंबाचा मळा आहे. त्यांनी मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची कॉफी वेगळी ठेवून वेगळी चाखली. एका उंच तुकड्यातली चव बाकीच्यांपेक्षा फारच निराळी निघाली, फुलांच्या सुगंधाची. ती झाडं गेशा नावाच्या, मूळ इथिओपियाच्या वाणाची होती. उत्पन्न कमी म्हणून त्या वाणाला कोणी फारसं विचारत नव्हतं. २००४ मध्ये हीच कॉफी पनामाच्या स्पर्धेत पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर भाव मिळाला. साधी कॉफी तेव्हा जागतिक बाजारात पौंडाला डॉलरच्या आत होती. झाडं आधीही तिथेच होती हो! ती बाकीच्या मालात मिसळली जात होती, एवढंच.

चिखलदऱ्याबद्दल मी भांडवल म्हटलं ते यासाठी. आणि अलिबागकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. आपला पांढरा कांदा घ्या. माळेत विणलेला, गोडसर, भौगोलिक मानांकन मिळालेला. तरी दुसरीकडचा पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून खपवतात, ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार असतेच. कॉफीतही कूर्ग, चिकमगळुरू, बाबाबुदनगिरी, वायनाड रोबस्टा आणि अराकू यांना २०१९ मध्ये मानांकन मिळालं. पण मानांकन प्रदेशाचं असतं. मळ्याचं नाव त्याच्याही पुढे जातं, कारण चूक झाली तर गिऱ्हाईक थेट एका माणसाला विचारू शकतं.

आता तुमच्या काउंटरचा हिशोब. साधारण सहा किलो फळातून एक किलो कच्ची बी निघते. भाजताना वजन १५ टक्के किंवा थोडं जास्त घटतं. म्हणजे एक किलो भाजलेल्या कॉफीमागे सात किलो हाताने निवडलेलं फळ. समजा पाव किलोचं पाकीट तुम्हाला ६०० रुपयांना पडलं. ग्रॅमला २ रुपये ४० पैसे. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर ३६ रुपयांची कॉफी. कप, दूध, गॅस, वाया गेलेलं धरून ५५ म्हणा. १५० ला विकली तर कपामागे ९५ उरतात. ऐकायला मस्त!

पण किहीममध्ये आठवडा दोन दिवसांचा असतो. सोमवार ते शुक्रवार समुद्र, सुरूची झाडं आणि तुम्ही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात. शनिवार-रविवार मिळून ४० कप गेले, तर ३,८०० रुपये सुटतात आणि त्यातून माणसाचा पगार, वीज, ग्राइंडरचा हप्ता निघायचा आहे. वेगळं भाडं भरून नुसता कॉफीचा काउंटर? माझं मत विचाराल तर नको. घरच्या होमस्टेच्या न्याहारीला जोडून? जरूर. तिथे जागा आणि माणूस दोन्ही आधीच आहेत.

४० कपांना कॉफी लागते ६०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला तीन पाकिटं पुरतात. स्वस्त पडतं म्हणून दहा किलो उचलू नका. भाजलेली कॉफी काही आठवड्यांत उतरते आणि किनाऱ्याची दमट हवा तिचं काम आणखी लवकर करते. दमट हवेचा कॉफीवर काय परिणाम होतो, याचा तर एक अख्खा धंदा आहे. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी युरोपात जायला महिने लागायचे. वाटेत बिया ओलावा पिऊन फुगायच्या, फिकट पडायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच मवाळ चव आवडू लागली. पुढे प्रवास लवकर होऊ लागला आणि ती चव गेली. म्हणून आज मंगळुरूच्या बाजूला पावसाळ्यात बिया मुद्दाम उघड्या गोदामात पसरून तशी कॉफी बनवतात. मॉन्सून्ड मलबार ती हीच. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र हे चुकून घडलं तर त्याला कोणी जास्त पैसे देत नाही. हवाबंद डबा, लहान पाकिटं, आणि दळायचं ते गिऱ्हाइकासमोर.

घेताना पाकीट नीट वाचा. चिकोरी घातली असेल तर ती सिंगल इस्टेट म्हणून विकायचा विचारही नको. फिल्टर कॉफीच्या मिश्रणात निम्म्याच्या जवळपास चिकोरी असू शकते, कायद्याने कॉफी किमान ५१ टक्के लागते. नुसतं ‘प्रीमियम’, ‘एक्झॉटिक’ लिहिलं असेल आणि मळ्याचं नाव, तोडणीचं वर्ष, भाजल्याची तारीख नसेल, तर ते पाकीट परत ठेवा. विकणाऱ्याला फोन करून विचारा: हा लॉट कुठल्या तुकड्याचा? धुतलेला की नॅचरल? संपला तर पुढचा कधी? ज्याच्याकडे खरोखर मळ्याचा माल आहे तो दहा मिनिटं बोलत बसतो. नाहीतर ‘सर, क्वालिटी एक नंबर आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

आणि शक्य असेल तर एकदा मळा बघून या. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. ख्रिसमस आणि नववर्षाची गर्दी तुमची कमाईची, ती सोडू नका. जानेवारीच्या मधल्या वारी निघा, मळेवाल्याला आधी विचारून. तोडणी, टाकी, वाळवण, तिन्ही बघा, फोटो काढा. जाताना पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन जा. फेब्रुवारीत पाहुण्याने “कॉफी कुठली?” विचारलं की बाटली दाखवायची गरज पडणार नाही.