मुठीत नसलेले नाणे

घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाच्या खाणींचे आणि सिमेंट कारखान्याचे गाव. तेथील एका शाळेत घर्षणाचे काही प्रयोग दाखवण्यासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुटीनंतरचा तास, मुले पेंगुळलेली. म्हणून प्रयोगांच्या आधी एक नाणे बाहेर काढले. दहा रुपयांचे नाणे उजव्या हातात धरून सर्वांना दाखवले, डाव्या हातात दिले, डावी मूठ मिटली, तिच्यावर फुंकर मारली आणि मूठ उघडली. मूठ रिकामी!

वर्ग एकदम जागा झाला. कोणी म्हणाले नाणे बाहीत गेले, कोणी म्हणाले खाली पडले. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र ठामपणे म्हणाली, "नाणं डाव्या हातात गेलं होतं, सर. माह्या डोयानं पायलं."

खरे तर नाणे डाव्या हातात गेलेच नव्हते. ते सर्व वेळ उजव्या हातातच होते. हे सांगणार एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, आमच्या आजीच्या पोटातून बुवानं गोटा काढला होता. तो पण मी डोयानं पायला."

वर्ग शांत झाला. आता विषय करमणुकीचा राहिला नव्हता. मुलगी खोटे बोलत नव्हती आणि मुलगाही नाही. दोघांनी जे 'पाहिले' ते एकाच जातीचे होते. ते कसे घडते, हे समजून घेण्यासाठी नाण्यापासूनच सुरुवात करू.

हातात लपते कसे?

नाणे हातात लपवून हात रिकामा भासवण्याला जादूगार 'पामिंग' म्हणतात. त्याच्या मुख्य रीती चार.

पहिली सर्वांत सोपी. नाणे मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी ठेवायचे आणि बोटे किंचित वाकवायची. आपला हात सैल सोडला की बोटे आपोआप थोडी वाकतातच, त्यामुळे हात वेगळा दिसत नाही.

दुसऱ्या रीतीत नाणे तळहाताच्या मध्यभागी असते. अंगठ्याच्या बुडाशी एक मांसल उंचवटा असतो आणि करंगळीच्या बाजूला दुसरा. हस्तरेषा पाहणारे यांना शुक्राचा आणि चंद्राचा उंचवटा म्हणतात. आपल्या दृष्टीने ते अंगठा आणि करंगळी हलवणाऱ्या लहान स्नायूंचे गठ्ठे आहेत. अंगठा जरासा आत घेतला की या दोन उंचवट्यांच्या चिमटीत नाण्याच्या कडा पकडल्या जातात आणि बोटे पूर्ण मोकळी राहतात. त्या हाताने खडू उचलता येतो, चुटकी वाजवता येते.

तिसऱ्या रीतीत नाण्याची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात धरतात. चौथी सर्वांत अवघड. नाणे बोटांच्या मागच्या बाजूस नेऊन तर्जनी आणि करंगळी यांच्या कडांनी आवळून धरायचे. समोरच्याला उघडा तळवा दिसतो, नाणे त्याच्या पाठीमागे असते.

घर्षणाचा हिशेब

तळहातातले नाणे पडत कसे नाही? यासाठी हाताला फार ताकद लागत असेल, असे मुलांना वाटते. हिशेब करून पाहू.

दहा रुपयांच्या नाण्याचे वजन सुमारे ७.७ ग्रॅम, व्यास २७ मि.मी. तळवा जमिनीकडे केला तर हे वजन दोन्ही कडांवरच्या घर्षणाने तोलले पाहिजे. त्वचा आणि धातू यांच्यातील घर्षणांक ०.५ धरू. प्रत्येक बाजूस दाबाच्या निम्मे घर्षण मिळते. दोन्ही बाजू मिळून एका बाजूच्या दाबाएवढे. म्हणजे प्रत्येक बाजूने नाण्याच्या वजनाएवढा, जवळपास आठ ग्रॅम वजनाचा दाब पुरतो. छपाईच्या साध्या ए-फोर कागदाचा एक ताव सुमारे पाच ग्रॅमचा असतो. तेव्हा हा दाब दीड कागदाच्या वजनाइतका झाला! शिवाय कातडी मऊ असल्याने नाण्याच्या कडेभोवती थोडी दबते आणि पकड आणखी पक्की होते.

हात अगदी कोरडा असला तर नाणे निसटते. किंचित ओलसर त्वचेचे घर्षण जास्त असते, पण घामाने निथळणाऱ्या हातात पाण्याचा थर वंगणासारखे काम करतो. कडेवर दाते असलेले नाणे बरे धरते. आकारही महत्त्वाचा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि तीस मि.मी.हून थोडा अधिक व्यासाचा होता. मोठ्या माणसाच्या तळहातात तो चपखल बसे. २०१९ साली आलेले एक रुपयाचे नाणे २० मि.मी.चे आहे, ते उंचवट्यांच्या मधून घसरते. मुलांचे हात लहान असल्यामुळे त्यांना मात्र तेच सोयीचे.

थोडक्यात, नाणे धरून ठेवणे ही ताकदीची गोष्ट नाही. खरी अडचण वेगळीच आहे. नाणे धरलेला हात नाणे नसलेल्या हातासारखा दिसला पाहिजे. नवशिक्याची बोटे ताठ होतात, अंगठा चिकटून बसतो आणि तो स्वतःच त्या हाताकडे चोरून पाहतो. प्रेक्षक नाणे पकडत नाहीत, ही चोरटी नजर पकडतात.

नजर कोण बांधते?

गारुड्याच्या खेळाला आपल्याकडे 'नजरबंदी' म्हणतात. जादूगार डोळेच बांधून टाकतो, अशी त्यामागची कल्पना. डोळे खरोखर बांधले जातात का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शाळेतील मुलांवर केलेला एक प्रयोग दिला आहे. टेबलामागे बसून चेंडू वर उडवायचा आणि झेलायचा. असे झाल्यावर पुढच्या वेळी चेंडू गुपचूप मांडीत सोडायचा आणि हात मात्र पूर्वीसारखाच वर उडवायचा. चेंडू हातातून सुटलाच नव्हता, तरी सुमारे निम्म्या मुलांनी तो वर जाऊन नाहीसा झाल्याचे सांगितले.

शंभर वर्षांनी, २००६ साली, गुस्ताव कून आणि मायकेल लँड या इंग्लंडमधील संशोधकांनी हाच प्रयोग चित्रफितीवर केला. कून स्वतः जादूगारही आहेत. शेवटच्या, खोट्या फेकीच्या वेळी जादूगाराने नजर वर नेली, तेव्हा ६८ टक्के प्रेक्षकांना चेंडू वर जाताना 'दिसला'. त्याने नजर हातावरच ठेवली, तेव्हा ३२ टक्क्यांना. हात तोच, चेंडू तोच, फक्त जादूगाराची नजर बदलली.

याच प्रयोगात प्रेक्षकांच्या डोळ्यांची हालचालही यंत्राने टिपली होती. चेंडू जेथे दिसला असे फसलेल्या प्रेक्षकांनी सांगितले, त्या जागेकडे त्यांचे डोळे गेलेलेच नव्हते. म्हणजे डोळे फसले नव्हते. दोनदा चेंडू वर गेला, जादूगारानेही वर पाहिले, तेव्हा तिसऱ्यांदाही तो गेला असणार, असे मेंदूने मानले आणि मानलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या खात्यात जमा केली.

आमच्या नाण्याचेही तेच झाले. उजवा हात डाव्या हाताला भेटला, डावी मूठ मिटली, आम्ही त्या मुठीकडे पाहिले. रोजच्या व्यवहारात एवढे घडले की नाणे हाती आलेलेच असते. भाजीवाल्या बाईने मूठ मिटली की पैसे पोचले, असे आपण धरतो. मेंदू प्रत्येक वेळी पडताळा घेत बसला तर बाजारही करता येणार नाही. ही मेंदूची काटकसर आहे, मूर्खपणा नव्हे. म्हणूनच जादूचा खेळ शिकलेल्यांना आणि न शिकलेल्यांना सारखाच फसवतो.

पैशांचा पाऊस

टॉमस नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) हा अमेरिकेतील रेल्वेच्या तारऑफिसात नोकरी करणारा माणूस पुढे 'नाण्यांचा राजा' म्हणून जगभर गाजला. त्याच्या प्रसिद्ध खेळाचे नाव 'कंजूषाचे स्वप्न'. या खेळात जादूगार हवेत हात घालून एकेक नाणे काढतो आणि डाव्या हातातल्या भांड्यात खणकन टाकतो.

अशा खेळातली युक्ती साधी असते. भांडे धरलेल्या हातात नाण्यांची चळत लपलेली असते. उजव्या हातात एकच नाणे. ते दाखवायचे, भांड्यात टाकल्याचा आविर्भाव करायचा, टाकायचे मात्र नाही, तळहातात लपवायचे. त्याच क्षणी डाव्या हाताने चळतीतले एक नाणे भांड्यात सोडायचे. 'खण्' असा आवाज झाला की शंका उरत नाही. येथे डोळ्यांच्या चुकीवर कानांनी शिक्का मारला. पुन्हा तेच नाणे हवेतून काढता येते!

महाराष्ट्रात जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे), त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी जादूचे प्रयोग केले. रंगमंचावरचा जादूगार ही कला आहे असे सांगून आपल्याला फसवतो आणि आपण तिकीट काढून फसून घेतो. हा व्यवहार सरळ आहे. पण तीच रीत वापरून कोणी 'पैशांचा पाऊस पाडतो' म्हणाला, किंवा तळहातातला गोटा रोग्याच्या पोटावर नेऊन 'करणी काढली' म्हणाला, की कला संपते आणि फसवणूक सुरू होते. चमत्काराचा प्रयोग करून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

फसवणूक पैशांपुरतीच राहत नाही. करणी निघाली, म्हणजे ती कोणीतरी केलेली असणार, असा पुढचा प्रश्न येतो आणि बोट शेजारच्या एखाद्या वृद्धेकडे वळते. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना आणि स्त्रियांना भर चौकात बांधून मारहाण झाली. म्हणून 'मी पाहिले' आणि 'मला वाटले' यांतला फरक विज्ञानाच्या तासाला शिकवणे आपल्या भागात फार निकडीचे आहे.

वर्गात करून पाहा

पहिली, बोटांच्या मुळाशी नाणे धरण्याची रीत आठवडाभर सवयीची करा. नाणे हातात ठेवून फळा पुसा, हजेरी घ्या. आरशासमोर नाणे खरोखर दुसऱ्या हातात द्या आणि मग न देता तीच हालचाल करा. दोन्ही सारख्या दिसू लागल्या की तयारी झाली.

मग वर्गाचे दोन गट करा आणि एका वेळी एकच गट आत घ्या. पहिल्या गटासमोर खोटी देवाणघेवाण करताना रिकाम्या मुठीकडे पाहा. दुसऱ्यासमोर तीच हालचाल करताना नाणे असलेल्या हाताकडे पाहा. प्रत्येक मुलाने आपसात न बोलता कागदावर लिहावे: नाणे शेवटचे कोठे दिसले? दोन्ही गटांची उत्तरे मोजून फळ्यावर मांडा.

त्यानंतर प्रत्येकाने कागदाचे दोन रकाने करावेत, 'दिसले' आणि 'समजलो'. आधी लिहिलेले प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात घालावे. शेवटी युक्ती उघड करून मुलांना ती शिकवा. फसलेल्याला हसू देऊ नका, कारण मग मुले पुढच्या वेळी खरे काय दिसले ते सांगणार नाहीत.

घुग्घुसच्या वर्गात आम्ही हेच केले. त्या मुलाला आजीविषयी एक शब्दही बोललो नाही. नाणे लपवायला तो लवकर शिकला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीलाच त्याने फसवले. मग त्याने आपणहून कागद घेतला आणि आजीची हकीकत दोन रकान्यांत लिहिली. 'दिसले' या रकान्यात तीन ओळी होत्या: बुवाने हात पोटावर ठेवला. हात वर घेतला. हातात गोटा होता. 'गोटा पोटातून निघाला' हे वाक्य त्याने दुसऱ्या रकान्यात घातले होते.

"आजीचं दुखणं थांबलं का रे?" आम्ही विचारले.

"चार दिवस थांबलं होतं, सर. मंग परत चालू झालं."

वर्गशिक्षिका त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या आणि आजींना दवाखान्यात नेण्याविषयी घरच्यांशी बोलल्या.