कामठीला जाताय? मग ड्रॅगन पॅलेसवरच थांबू नका

सगळ्यांना जय भीम. सुरुवात मुद्दाम याच शब्दांनी केली, कारण आज बोलायचंय ते हे शब्द ज्या गावाशी जोडले गेलेत त्या गावाबद्दल. तिथं एक बुद्ध मंदिर आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथं रील काढलेली असणार. मीपण काढलीये.

गाव म्हणजे कामठी. नागपूरपासून पंधराएक किलोमीटर, इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वाढलेलं. आपल्या अकोल्याहून अशोक विजयादशमीला माणसं दीक्षाभूमीला निघतात, तेव्हा मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा करत गाडी गच्च भरत जाते. नागपुरात दर्शन झालं की पुढचा मुक्काम हमखास कामठीचा ड्रॅगन पॅलेस. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती जागा आधी, आणि मग हे.

आधी नावाचं बघू. बुद्धाच्या मंदिराला ‘ड्रॅगन’ कशाला? हे मंदिर १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं. मादाम नोरिको ओगावा आणि कामठीच्या सुलेखा कुंभारे यांचा त्यात पुढाकार. आता गंमत अशी, की बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘नाग’ या शब्दासाठी तिकडच्यांनी ड्रॅगनचाच शब्द वापरला. आपला नागार्जुन तिकडं ‘ड्रॅगन-वृक्ष’ झाला. आणि दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचाच इतिहास सांगितला होता. मंदिराचं नाव ठेवताना हे कुणाच्या डोक्यात होतं असा माझा दावा नाही. पण नागांच्या प्रदेशात ड्रॅगन अगदीच परका नाही, एवढं नक्की.

आत गेलात की मोठी बाग, पांढरी इमारत आणि प्रार्थनागृहात चंदनाच्या लाकडातली बुद्धमूर्ती. शेजारी विपश्यना केंद्र आहे, ते २०१७ मध्ये सुरू झालं. नवस नाही, नारळ नाही. त्रिशरण-पंचशील म्हणा, नाहीतर गप्प बसा. मी दहा मिनिटं बसलो आणि त्यातली चार फोन खिशात थरथरतोय का याचा विचार करण्यात गेली.

घरी येऊन आजीला फोटो दाखवले. तिनं चष्मा सावरत सगळे पाहिले आणि विचारलं, “काहून रे बाप्पा, नुसती मूर्तीच पाहून आला काय? हरदासबाबूले नाही भेटला?”

मला हरदासबाबू कोण तेच माहीत नव्हतं. बीटेक झालोय, सर्व्हर कुठं पडला ते शोधून देतो, आणि रोज दहा वेळा ‘जय भीम’ टाइप करतो. पण ते कोणी रूढ केलं याचा पत्ता नाही.

तर, बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म १९०४, कामठीचेच. विडी कामगारांची संघटना बांधली, गावात रात्रशाळा काढल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून निवडून आले. ती विधानसभा होती मध्यप्रांत आणि वऱ्हाडची, म्हणजे आपलं अकोलाही त्याच कारभारात. अवघ्या दोन वर्षांत, १२ जानेवारी १९३९ ला, क्षयानं गेले. वय पस्तीस. म्हणजे माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठे.

‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्याआधी आपल्या माणसांना ‘जोहार मायबाप’ म्हणावं लागायचं. म्हणजे एक जण वाकणार आणि दुसरा मान हलवणार, नाहीतर तेही नाही. हरदासांनी मुसलमान बांधवांचा ‘सलाम आलेकुम – वालेकुम सलाम’ पाहिला आणि आपल्यालाही असं काहीतरी हवं असं त्यांना वाटलं, असं सांगतात. सुरुवातीला ‘जय भीम’ला उत्तर होतं ‘बल भीम’. पुढं ते मागं पडलं आणि दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिलं. मला हे फार आवडतं. जे पाठवलं तेच परत येतं, पाठवणारा आणि घेणारा एकाच पातळीवर. ‘जोहार’मध्ये नेमकं तेच नव्हतं.

हरदासांवर अंत्यसंस्कार कन्हान नदीच्या काठी झाले. तिथं त्यांची समाधी आहे आणि स्मृतिदिनाला माणसं जमतात. चकचकीत काही नाही, म्हणून तिथं रीलवाले दिसत नाहीत. ड्रॅगन पॅलेसवर तक्रार नाही हं माझी. तिथली शांतता खरीच आहे. पण एवढं अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जायचं आणि नदीपर्यंतचा शेवटचा तुकडा राहू द्यायचा, हे मला तरी खटकलं.

जायचं कसं? अकोल्याहून विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा. दोन्ही गोंदियाकडं जातात, त्यामुळं नागपूरला उतरून गाडी बदलायची गरज नाही. थेट कामठीचं तिकीट काढा, फक्त वेळ ॲपवर बघून घ्या. नागपुरात उतरलातच, तर मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौक आणि तिथून पुढं ऑटो. दसऱ्याला रिझर्व्हेशनची आशा सोडा. गर्दी नको असेल तर जानेवारीतली १२ तारीख बघा, थंडीही असते.

मी पुढच्या वेळी आजीला घेऊन जाणार आहे. गुडघे दुखतात म्हणून ती ड्रॅगन पॅलेसला बाहेरच बसेन म्हणते, पण नदीपर्यंत चालायला तयार आहे.