पगारकपातीच्या अलीकडची काळजी

आईवडिलांची आबाळ करणाऱ्या सरकारी नोकरांच्या पगारातून रक्कम कापून ती थेट आईवडिलांना देण्याचा कायदा करू, असे तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केले. परंतु शेजारच्या मराठवाड्यातील लातूरला हा विचार नवा नाही. लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२०मध्ये सर्वसाधारण सभेत ठराव करून अशा कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापण्याचे ठरवले, बारा जणांविरुद्धच्या तक्रारींपैकी सात प्रकरणांत कपात झाली आणि ती रक्कम आईवडिलांच्या बँक खात्यात जमा झाली. हे पाऊल स्वागतार्हच होते. मात्र अशी कारवाई तक्रारीनंतरच होते, आणि पोटच्या लेकाविरुद्ध अर्ज देण्यापेक्षा ‘बरं हाय’ म्हणून गप्प राहणाऱ्या मायमाउल्याच मराठवाड्यात अधिक आहेत.

म्हणूनच खरी काळजी तक्रारीच्या कितीतरी अलीकडे सुरू व्हायला हवी. केळीच्या पानावर बारीक पिवळे ठिपके दिसताच करपा ओळखणारी नजर नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या शेतकऱ्याकडे असते; तीच नजर ओसरीवर बसलेल्या वृद्धाकडे वळली, तर पुष्कळ गोष्टी वेळेत कळतात. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट महिना उलटूनही अर्धे भरलेले असणे, बंडी अंगात सैल होणे, भाजी वारंवार करपणे, भजनाला जाणे बंद होणे, उंबरठा ओलांडताना भिंतीला हात लागणे, ही चिन्हे फोनवरच्या उत्तरापेक्षा अधिक खरे बोलतात.

यांतून दिसणाऱ्या विसराळूपणाबाबत घराघरांत एक घातक समजूत आहे, ती म्हणजे ‘वयच झालं’. स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरणशक्ती व विचारशक्ती हळूहळू ढासळवणारा मेंदूचा विकार, हे त्याचे एक कारण असू शकते. परंतु थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, नैराश्य आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी व दूध या प्राणिज पदार्थांतूनच नैसर्गिकरीत्या मिळत असल्याने माळकरी घरात दूधही कमी झालेल्या वृद्धाची रक्ततपासणी टाळणे योग्य नाही.

बोलण्याची रीतही तितकीच महत्त्वाची ठरते. सुना-नातवंडांसमोर ‘तुम्हाला आता काही आठवत नाही’ असे म्हटल्याने माणूस दुखावतो आणि पुढच्या खुणा लपवू लागतो. त्याऐवजी एकांतात, दिसलेली एकच गोष्ट सांगून, ‘आबा, गोळ्या उरल्यात, त्या घेतल्यानं काही त्रास होतो का?’ असे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. निर्णय त्यांचाच राहील, हा विश्वास सर्वांत आधी द्यावा लागतो. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस (१४४१६) आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन (१४५६७) या दूरध्वनी सेवा आहेत.

कायद्याची माहिती मात्र भांडण होण्यापूर्वीच असावी. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७च्या अधिनियमानुसार निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या स्तरावरील मंचाकडे, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंतच्या निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो, आणि ज्येष्ठ स्वतः असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्तीही, म्हणजे शेजारी किंवा जुना मित्रसुद्धा, तो करू शकते. याच अधिनियमाचे कलम २३ सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवून देऊ शकते. पण अट कागदावर नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते, हे जमिनीचे बक्षीसपत्र करताना सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून पुण्या-हैदराबादेतून सणाला गावी येणाऱ्या मुलाने सातबाऱ्याचा विषय काढण्याआधी फडताळातले गोळ्यांचे पाकीट उघडून पाहावे, आणि जमीन नावावर करून घ्यायचीच असेल, तर सांभाळण्याची अट त्या कागदात स्वतःहून लिहून घ्यावी.