कोड तोच, मशीन बदललं की एरर का? ग्राफिक्सचा डेमो तीन सिस्टिमवर

आजचा भाग केनवडहून, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातून. कमांड नुसती ऐकून टाइप करणं अवघड जातं, म्हणून बोललेलं इथे जरा नीट करून लिहितोय.

विषय इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचा. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल असतं. ब्रेसनहॅमच्या पद्धतीने रेषा काढा, त्रिकोण फिरवून दाखवा. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज, घरच्या सेकंडहँड लॅपटॉपवर उबुंटू, एखाद्या मित्राकडे मॅक. कोड तोच, पण एकीकडे छान खिडकी उघडते आणि दुसरीकडे पानभर एरर. मग पोरगं म्हणतं, "आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही." अरे, थांब ना! एका मशीनवर चाललेला कोड दुसऱ्यावर अडतो, तेव्हा बहुतेक वेळा तुमचं गणित बरोबरच असतं.

शेतातलं उदाहरण घ्या. रोटाव्हेटर तोच असतो, पण ट्रॅक्टर बदलला की लिंक आणि पिना पुन्हा जुळवाव्या लागतात. रोटाव्हेटर म्हणजे तुमचा कोड, ट्रॅक्टर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ओपनजीएल फक्त चित्र काढतं. खिडकी उघडणं, कीबोर्ड वाचणं हे प्रत्येक सिस्टिमचं वेगळं असतं. ते जुळवून द्यायला ग्लट किंवा फ्रीग्लट लागतं.

आता एरर कुठल्या टप्प्यावर आली ते ओळखा. टप्पे तीन.

पहिला, हेडर. "नो सच फाइल" असं आलं तर कंपायलरला फाइल सापडलेली नाही. उबुंटूवर "सुडो एपीटी इन्स्टॉल फ्रीग्लट३-डेव्ह" करा. फोल्डरचं नाव विंडोज आणि लिनक्सवर "जीएल", मॅकवर "ग्लट". म्हणून कोडमध्ये "इफडेफ अॅपल" लावून दोन्ही ओळी ठेवायच्या. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक कळतो, त्यामुळे विंडोजवर खपलेलं "ग्लट"चं कॅपिटल जी इथे अडतं. "विंडोज डॉट एच" आणि "कोनिओ डॉट एच" तर लिनक्सवर नसतातच.

दुसरा, लिंकर. "अनडिफाइन्ड रेफरन्स" दिसलं की समजा, कोड कंपाइल झाला, फक्त लायब्ररी जोडायची राहिली. लिनक्सवर शेवटी "मायनस एल ग्लट, मायनस एल जीएलयू, मायनस एल जीएल". विंडोजवर मिनजीडब्ल्यू असेल तर फ्रीग्लट, जीएलयू३२ आणि ओपनजीएल३२. मॅकवर "मायनस फ्रेमवर्क ग्लट, मायनस फ्रेमवर्क ओपनजीएल". ही नावं कमांडमध्ये कोडच्या फाइलनंतर लिहा. आधी लिहिली तर सगळं बरोबर असूनही तीच एरर येऊ शकते.

तिसरा, चालवताना. विंडोज म्हणालं "फ्रीग्लट डीएलएल सापडली नाही", तर ती डीएलएल एक्झे फाइलच्या शेजारी ठेवा. काळी खिडकी आली तर शेडर तपासा. शेडर आपल्याच मशीनवर, प्रोग्राम सुरू असताना, ग्राफिक्स ड्रायव्हर कंपाइल करतो. मॅकवर ओपनजीएल ४.१ च्या पुढे गेलेलं नाही आणि २०१८ मध्ये अॅपलने ते जुनं ठरवलं. म्हणून ४.३ साठी लिहिलेला शेडर तिथे चालत नाही. लिनक्सवर तुमचं व्हर्जन "जीएलएक्सइन्फो" सांगतं.

टर्बो सीवाल्यांचं काय? ते डॉसच्या काळातलं, १६-बिट. ६४-बिट विंडोज असे प्रोग्राम थेट चालवत नाही, म्हणून डॉसबॉक्स लागतो. "ग्राफिक्स डॉट एच"वर लिहिलेला कोड ओपनजीएलमध्ये जसाच्या तसा उतरत नाही. पण ब्रेसनहॅमने १९६२ साली आयबीएममध्ये असताना मांडलेलं गणित तेच राहतं, पिक्सेल टाकायची ओळ तेवढी बदलते.

लॅपटॉपच नाही, फक्त फोन आहे? तरी हरकत नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वेबजीएल चालतं. त्यात जुनं "जीएलबिगिन" मिळत नाही, पण शेडर शिकायला ते पुरेसं आहे.

शेवटची गोष्ट. मित्राला व्हॉट्सअॅपवर एक्झे पाठवू नका, लिनक्स आणि मॅकवर ती तशी उघडत नाही. कोड पाठवा, आणि सोबत कुठल्या सिस्टिमवर कुठली कमांड वापरली ती एक ओळ. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तीच ओळ कोणाचे तरी मार्क वाचवेल.

आणि एररची पहिली ओळ आधी वाचा. खालच्या पन्नास ओळी बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. चला, भेटू पुढच्या भागात!