शिखराची उंची आणि विषाची मात्रा

खरजेवर गामा बेंझिन हेक्झाक्लोराइडचे लोशन कधीच लिहून दिले नाही, असा जुन्या पिढीतील डॉक्टर विरळाच. शेतात मात्र १९९७ साली भारतात बंदी येईपर्यंत फवारली गेलेली 'बी.एच.सी.' पावडर ही निव्वळ गामा नव्हती. अल्फा, बीटा, गामा, डेल्टा अशा भावंडांचे ते मिश्रण होते. रेणुसूत्र सर्वांचे एकच, फरक अणूंच्या अवकाशातील मांडणीचा. मानवी मेदात सर्वाधिक काळ ठाण मांडतो तो बीटा.

रक्तातील हे अवशेष गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात. अर्कातील घटक केसासारख्या बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडून 'इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर'मध्ये शिरतात. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली घडविलेल्या या शोधकात आज बहुधा निकेल-६३ हा किरणोत्सर्गी स्रोत असतो. त्यामुळे वायूत मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण होतात, क्लोरीनयुक्त रेणू ते गिळतात आणि त्या तुटीचे शिखर आलेखावर उमटते. पिकोग्रॅमचीही चाहूल लागावी, इतका तो तरल!

गोम अशी की, हा शोधक क्लोरीनचे अणू मोजत नाही. रेणूची इलेक्ट्रॉन पकडण्याची हाव मोजतो. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये डायक्लोरोमिथेनच्या दुप्पट क्लोरीन, पण प्रतिसाद हजारो पट. बीटाचे शिखर तेवढ्याच वजनाच्या गामापेक्षा ठेंगणे येते. तेव्हा गामाच्या मापाने बीटा मोजला, तर शरीरातील सर्वांत चिवट विषच अहवालात कमी दिसणार.

म्हणून अंशशोधनासाठी प्रत्येक घटकाचे स्वतंत्र प्रमाणद्रावण हवे, तेही निदान पाच वेगवेगळ्या मात्रांचे. शोधकाचा प्रतिसाद ठरावीक टप्प्यापर्यंतच सरळ रेषेत चालतो. नमुना त्यापलीकडे गेला, तर रेषा अंदाजाने पुढे ओढू नये. नमुना विरल करून पुन्हा तपासावा. काम चालू असतानाही अधूनमधून ज्ञात द्रावण सोडून पाहावे, कारण गळतीतून शिरलेला प्राणवायूसुद्धा इलेक्ट्रॉन पकडतो व प्रतिसाद ढळतो.

डी.डी.टी.ची फसगत याहून निराळी. यंत्राचा प्रवेशकक्ष मळलेला असेल, तर तेथील उष्णतेने डी.डी.टी.चे डी.डी.ई. आणि डी.डी.डी. होते. शरीरातही डी.डी.टी.चे कालांतराने डी.डी.ई.च होत असल्याने रुग्णाचा ताजा संपर्क जुना भासू शकतो. यासाठी शुद्ध डी.डी.टी. सोडून त्याची किती मोडतोड होते, हे आधी पाहतात. असा अहवाल हाती आल्यावर ती चाचणी कधी घेतली होती आणि बीटाचे द्रावण वेगळे होते काय, हे प्रयोगशाळेस अवश्य विचारावे.