सीच्या आधीचा धडा

1991 साली एसीएम या संघटनेच्या संगणकशिक्षणविषयक पत्रिकेत रुस्तुम मोदी यांचा लेख आला. पहिली प्रोग्रामिंग भाषा म्हणून सी शिकवू नये, असा त्याचा रोख होता. त्या काळी कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे सी शिकायची, कारण नोकऱ्या तिच्यात होत्या. मोदी नुसतं लिहून थांबले नाहीत. नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठात त्यांनी मार्क जोन्स यांची गोफर ही हास्केलच्या घराण्यातली फंक्शनल भाषा शिकवली. तिच्यात आपल्याला हवे ते बदल करून ‘पुगोफर’ही तयार केली.

नेमकं वेगळं काय होतं? सीच्या वर्गात सुरुवातीलाच फळ्यावर ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ असं येतं. दहावीपर्यंत समीकरणं सोडवून आलेल्या पोराला ते खोटं वाटतं, आणि गणिताच्या हिशेबाने ते खोटंच आहे. फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये एकदा ठरलेली किंमत बदलत नाही. फंक्शनला तेच दिलं की तेच परत मिळतं, मग ते आज चालवा की उद्या. समजा, आश्रमशाळेच्या पटावरून पुरेशी हजेरी असलेल्यांच्या शिष्यवृत्तीचा एकूण आकडा हवा आहे. तर यादी गाळायची, उरलेल्या प्रत्येकाची रक्कम काढायची, बेरीज करायची. तीन फंक्शनं एकापुढे एक जोडली की झालं. चूक निघालीच, तर तिघांपैकी एकेकाला वेगळं तपासता येतं.

उटनूरच्या एजन्सी, म्हणजे आदिवासी भागातून पाहताना मला यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. शहरातलं पोर क्लास लावून सी थोडीफार शिकून आलेलं असतं. हास्केल किंवा स्कीमसारखी फंक्शनल भाषा समोर ठेवली की तेही कोरंच असतं. मग वर्गात घरी गोंडी, मराठी नाहीतर तेलुगू बोलणारं, सरकारी शाळेतलं पोर पहिल्याच आठवड्यात मागे पडत नाही. आमच्याकडच्या हुशार पोरांना 2008पासून बासरच्या ट्रिपल आयटीची वाट आहे, तीही दहावीनंतर थेट. (बासर तेव्हा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016मध्ये निर्मलमध्ये गेलं.) दहावीचं गणित एवढीच ज्याची शिदोरी, त्याला सुरुवात करायला या पद्धतीत दुसरं काही लागत नाही. मुंबईच्या आयआयटीतही अमिताभ सन्याल यांनी रॅकेट ही भाषा घेऊन प्रोग्रामिंगचा असा अभ्यासक्रम शिकवला, आणि चेन्नईच्या माधवन मुकुंद यांचा हास्केलचा कोर्स एनपीटीईएलवर फुकट पाहता येतो.

‘यावर पोट भरतं का?’ हा प्रश्न मात्र बरीच वर्षं बिनतोड होता. जाहिरातीत हास्केलचं नाव नसायचं, आजही क्वचितच असतं. पण 2004मध्ये गुगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस मांडलं, तेव्हा ‘मॅप’ आणि ‘रिड्यूस’ या कल्पना लिस्पसारख्या भाषांतूनच उचललेल्या होत्या. काम हजारो मशीनवर वाटायचं आणि एखादं बंद पडलं तर तेवढाच तुकडा पुन्हा चालवायचा. उत्तर फक्त दिलेल्या माहितीवर अवलंबून असतं, म्हणूनच हे जमतं. त्यातूनच पुढे हडूप ही प्रणाली आली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत आधारचं वाटप सुरू झालं, त्या आधारच्या यंत्रणेतही हडूप वापरलं गेलं. मार्च 2014मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, आला. त्याच्याच महिनाभर आधी फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. त्याचे सर्व्हर अर्लँग या फंक्शनल भाषेत लिहिलेले होते आणि तीसेक इंजिनिअर 45 कोटी लोकांचे निरोप सांभाळत होते. पोरं हास्केलकडे गेली नाहीत, नोकरीच्या भाषाच चालत तिच्याकडे आल्या.

फंक्शनल पद्धतीचे भक्त कधीकधी अति करतात, जणू जगात काही बदलतच नाही. बँकेतली शिल्लक बदलतेच, छापलेली पावती परत घेता येत नाही. हास्केलचा आळशी, म्हणजे गरज पडेपर्यंत टाळलेला हिशेब तर मेमरी कधी खाऊन बसतो, ते जाणत्यालाही पटकन सापडत नाही.

आणि ज्याला प्रोग्रामर व्हायचंच नाही, त्याचं काय? आयटीडीएच्या, म्हणजे आदिवासी विकास संस्थेच्या कचेरीत असो की दुकानात, एक्सेलचा तक्ता भरणारा माणूस फंक्शनल प्रोग्रामिंगच करत असतो. कोणता हिशेब आधी करायचा, हे तो सांगत नाही. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं. ए-2 या घरात ‘ए-2 अधिक एक’ लिहून पाहावं, एक्सेल लगेच चक्राकार संदर्भाची तक्रार करतं. सीमध्ये तेच बिनबोभाट चालतं. डिसेंबर 2020मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलसाठीही लॅम्डा जाहीर केला, म्हणजे घरातल्या सूत्राला नाव देऊन त्याचं स्वतःचं फंक्शन बनवता येतं. एक्सेलच्या 2019च्या आवृत्तीत मात्र ते चालत नाही.