पांढऱ्या फुलांचा मऊ सुगंध कसा जमतो

मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्यामुळे इथल्या फुलांचा विषय निघाला की गुलाब आधी आठवतो, आणि दिंडोरीकडे जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊसमध्ये तो आजही पिकतो. पण एप्रिल-मेमध्ये दिवेलागणीला पंचवटीतून चालत निघालात, तर वास मोगऱ्याचा येतो. परफ्यूमच्या दुकानात ‘व्हाइट फ्लोरल’ म्हणून जो प्रकार दाखवतात, त्याचं कूळ हेच: मोगरा, जाई, जुई, निशिगंध, अनंत. यातला सौम्य, अंगावर न येणारा सुगंध कसा जमवतात हे समजून घ्यायला हातात एक गजरा असला तरी पुरे.

ही फुलं बहुतेक संध्याकाळी उमलतात. त्यांच्याकडे येणारे पतंग रात्री फिरणारे, त्यामुळे रंगाचा उपयोग थोडा. अंधारात उठून दिसणारा पांढरेपणा आणि दूरवर पोचणारा वास, यांवरच भिस्त. म्हणूनच मोगऱ्याच्या कळ्या सकाळी मिटलेल्या असतानाच तोडतात. तोडल्यावरही फूल सुगंध तयार करत राहतं, गजरा रात्री जास्त घमघमतो तो त्यामुळे. गुलाबाचं तसं नाही, तो तोडला की त्याचा वास उतरणीला लागतो. मोगऱ्या-जाईच्या याच गुणाचा फायदा घेऊन आपल्याकडे तिळांच्या थरांत फुलं घालून फुलेल करत, तर फ्रान्समधल्या ग्रासला काचेवर चरबी फासून तिच्यावर फुलं पसरत. आता बहुतेक ठिकाणी हेक्झेनसारख्या द्रावकाने अर्क काढतात. कनौजचे अत्तरवाले मात्र फुलं देगेत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात.

आता गजरा नाकाशी धरा. पहिल्यांदा जाणवतो तो गोड, किंचित केळ्याकडे झुकणारा ताजेपणा. त्यात बेंझिल ॲसिटेटचा वाटा मोठा, सोबतीला लिनालूल. त्यामागून द्राक्षासारखा वास येतो, तो मिथाइल अँथ्रानिलेटचा. नाशिककराने इथे थोडं थांबावं, कारण हा वास आपल्या थॉमसन द्राक्षांचा नव्हे. तो अमेरिकेतल्या कॉनकॉर्ड जातीच्या द्राक्षांचा, म्हणजेच लहान मुलांच्या जांभळ्या गोळीचा. गंमत म्हणजे पक्ष्यांना तो मुळीच सोसत नाही, त्यामुळे काही देशांत फळं वाचवण्यासाठी हेच द्रव्य फवारतात.

सर्वांत खाली असतो इंडोल. विष्ठेच्या दुर्गंधीतही हाच असतो, आणि तरीही तो काढून टाकला तर मोगरा मोगरा वाटत नाही. फोडणीतल्या हिंगासारखं त्याचं आहे: नुसता हुंगवत नाही, पण चिमूटभराने सगळ्याला खोली येते. बंद खोलीत रात्रभर गजरा ठेवला की काहींचं डोकं जड होतं, तो हाच जडपणा.

मऊपणाचा प्रश्न इथेच येतो. १९४८ साली जेर्मेन सेलिए यांनी ‘फ्राका’ बनवलं, तेव्हा त्यांनी निशिगंध पूर्ण ताकदीनिशी वापरला. ते परफ्यूम माणसाच्या आधी खोलीत शिरतं. सौम्य सुगंध करणारा उलट दिशेने जातो. इंडोल तो अगदी थोडा ठेवतो. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलाचा, आपल्या दुखऱ्या गुडघ्यावरच्या मलमाचा वास, तोही दबवतो. मग मोकळी झालेली जागा भरावी लागते. स्वित्झर्लंडच्या फर्मेनिश कंपनीत एदुआर द्मोल यांनी जाईच्या अर्कावर काम करता करता हेडिओन हे द्रव्य दिलं. एदमाँ रुदनित्स्का यांनी १९६६च्या ‘ओ सोवाज’मध्ये ते वापरलं आणि तेव्हापासून फुलांच्या सुगंधात हवा खेळू लागली. साईसारखा स्निग्धपणा लॅक्टोन गटातल्या द्रव्यांनी येतो, आणि तळाशी चंदन किंवा पांढरी कस्तुरी असते. अनंताचं तेल तर व्यापारासाठी जवळजवळ मिळतच नाही; बाटलीतला अनंत बहुतेक वेळा असा तुकड्यातुकड्यांनी रचलेला असतो.

माझ्या मते सौम्य सुगंध करणं हे भडक सुगंधापेक्षा अवघड काम आहे. इंडोल पूर्ण गाळून वर कस्तुरी ओतली की हाती येतो तो धुतलेल्या कपड्यांचा वास. तो स्वच्छ असतो, पण त्यात फूल नसतं. चांगल्या बाटलीत तळाशी कुठेतरी तो किंचित कुजकट, जिवंत धागा लागलाच पाहिजे.

म्हणून विकत घेताना कागदी पट्टीवर निर्णय घेऊ नका. मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. पहिली दहा-पंधरा मिनिटं अल्कोहोल आणि हलकी, लवकर उडणारी द्रव्यं बोलतात, त्यावर विश्वास टाकू नये. अर्ध्या तासाने फूल वर येतं. चार-पाच तासांनी चंदन-कस्तुरी उरते, आणि तिच्यात फुलाची ओळख शिल्लक असेल तर बाटली घ्यायला हरकत नाही. मे महिन्यात दोन थेंबही पुष्कळ होतात. डिसेंबरात, निफाडकडून थंडी उतरते तेव्हा, हाच सुगंध त्वचेवरून लवकर उठत नाही. त्या दिवसांत तो शालीच्या काठाला लावावा, कापडावर जास्त वेळ टिकतो.